पोट भरल्यानंतर काय? : पंडिता रमाबाई

मी दौंडची. दर पंधरा दिवसांनी पुण्याहून घरी जाते. यवत गेलं, खुटबाव गेलं की केडगाव स्टेशन येतं. गाडी थोडा वेळ थांबते, दुधाचे कॅन घेतलेले लोक चढतात-उतरतात आणि गाडी पुढे निघते. गेल्या दोन वर्षांत मी या स्टेशनवरून किमान पन्नास वेळा तरी गेले असेन, पण खिडकीबाहेर कधी नीट बघितलं नाही. कानात हेडफोन, मांडीवर अर्धवट असाइनमेंट आणि डोक्यात सोमवारचं सबमिशन! मग केडगाव काय आणि कडेठाण काय, सगळी स्टेशनं सारखीच.

पंडिता रमाबाई हे नाव मला शाळेपासून माहीत होतं. पण कसं, तर 'जोड्या लावा' मधलं. डाव्या बाजूला शारदा सदन, उजव्या बाजूला पंडिता रमाबाई, मध्ये पट्टीने ओढलेली एक रेघ आणि एक मार्क. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी तसंही धेडगुजरी आहे, त्यामुळे त्या रेघेपलीकडे जाऊन काही वाचावं असं कधी वाटलं नाही.

ते वाटलं या वर्षीच्या एन.एस.एस. कॅम्पमुळे. सात दिवसांचा कॅम्प होता. एका दुपारी आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेलो. बिस्किटांचे पुडे, जुने कपडे, वह्या-पेन्सिली वाटल्या, फोटो काढले. मुलं खूश, आम्हीही खूश. निघताना एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर लहान भाऊ घेऊन, माझ्या मागे मागे आली आणि तिनं विचारलं की ताई, तुम्ही परत कधी येणार? मी हसले आणि "लवकरच" म्हणून जीपमध्ये बसले. खरं उत्तर मला माहीत होतं. कॅम्प संपला, सर्टिफिकेट मिळालं की आमचं येणं संपणार होतं.

तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मग लायब्ररीतून एकेक करून पुस्तकं आणली आणि 'जोड्या लावा' मधली ती रेघ जरा लांबपर्यंत ओढून पाहिली. मित्रांनो, जे हाती लागलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जन्मस्थळ गंगामूळ, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं सह्याद्रीतलं दाट जंगल. जन्म जंगलात का, तर त्यालाही कारण आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. बाईमाणसाला देवभाषा शिकवायची म्हणजे त्या काळात महापाप! विरोध इतका झाला की शास्त्रीबुवा गाव सोडून रानात जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी आपली पाठशाळा काढली. लेकीला शिकवलं ते मुख्यतः आईनेच. पहाटे, घरच्या कामांच्या आधी, आई तिला श्लोक सांगायची. भागवताचे अठरा हजार श्लोक लहान वयात पाठ! आपल्याला इथे व्हायवाच्या आदल्या रात्री दहा फॉर्म्युले पाठ होत नाहीत.

पण पुढे आश्रमाचा खर्च झेपेना, कर्ज वाढलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात नाहीतर नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची आणि पुढचं गाव गाठायचं. रमाबाईंचं बालपण असं पायी चालण्यात गेलं.

साधारण १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हतं, तर पुराणिकाला कोण देणार? जवळचे दागिने गेले, भांडी गेली. शरीरकष्टाची कामं करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज वाटे. शेवटी मरायचंच तर रानात जाऊन मरू, असं ठरवून हे कुटुंब जंगलात गेलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि थोडी रानफळं यांच्यावर काढले. त्यानंतर आधी वडील गेले. काही आठवड्यांतच आईही अंथरुणाला खिळली. आईला भुकेने राहवेना म्हणून रमाबाई शेजारच्या घरी भाकरी मागायला गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईलाच काय ते कळलं आणि तिनं बाजरीची भाकरी हातावर ठेवली. पण आई वाचली नाही. तिच्या तिरडीला चौथा खांदा द्यायला माणूस मिळेना, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईच पुढे झाल्या. उंची कमी असल्याने खांदा पुरेना, म्हणून तिरडीचं टोक डोक्यावर घेऊन त्या स्मशानापर्यंत चालल्या. पुढे थोरली बहीणही गेली.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. सोळाव्या वर्षी मी दहावीला ऐंशी टक्के पडले म्हणून दोन दिवस जेवले नव्हते!

आता राहिले रमाबाई आणि त्यांचा थोरला भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत उत्तरेकडे गेले, तिथून पूर्वेकडे आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ज्या विद्येसाठी तिच्या आईवडिलांना रानात जावं लागलं, त्याच विद्येचा तिथे भर सभेत सत्कार झाला.

पण सुख म्हणून काही टिकत नव्हतं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने बिपिनबाबूही गेले. वय तेवीस, पदरात वर्षाचंही न झालेलं मूल आणि कपाळावर वैधव्य. त्या काळात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आयुष्य संपल्यातच जमा.

रमाबाई मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींचा पाठिंबा होता. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर तयार करा असं ठणकावून सांगितलं. स्वतःच डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कान दगा देऊ लागले होते. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इथे महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला. दोघी नात्यातल्या होत्या. समारंभाला म्हणून गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकवायची बालोद्यान पद्धत त्या शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी एक संस्थाच स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं. दहा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

११ मार्च १८८९ या दिवशी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींसाठी राहायची सोय असलेली शाळा. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातलीच एक तरुण विधवा गोदूबाई. याच गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, ज्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं.

इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. शारदा सदनात कोणावरही धर्म लादायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा नियम होता. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. बातमी बाहेर फुटली, 'केसरी'ने कडक टीका केली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी पंचवीस-एक मुली काढून नेल्या. चूक कोणाची? मी स्वतः बारा वर्षं रोज सकाळी शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिले आहे आणि घरी येऊन देवापुढे दिवाही लावला आहे, त्यामुळे मला हा प्रश्न वाटतो तितका सोपा वाटत नाही. ज्याच्या हातात अन्न आणि छप्पर आहे त्याचा प्रभाव पडतोच, तो न बोलताही पडतो. टीकाकारांच्या या शंकेत तथ्य होतं. पण काढून नेलेल्या मुलींच्या शिक्षणाचं पुढे काय, हा प्रश्न टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारला, हेही बघायला हवं.

रमाबाईंना मात्र आणखी एक गोष्ट दिसत होती. बोस्टनचे पैसे दहा वर्षांनी थांबणार होते. मग काय? म्हणून त्यांनी केडगावला, रेल्वेलाईनजवळ, शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. विहिरी खोदायच्या, फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा हिशेब. म्हणजे देणगी चालू असतानाच देणगी बंद होईल त्या दिवसाची तयारी! आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'फ्युचर स्कोप' म्हणून शेवटी दोन ओळी टाकतो ना, ते त्यांनी आधी केलं.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. ती वर्णनं ऐकून रमाबाईंना काय आठवलं असेल हे सांगायला नकोच. अकरा दिवस झाडपाला खाल्लेली ती मुलगी आता अडतीस वर्षांची झाली होती. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सरकारी मदत केंद्रं, अनाथांचे निवारे, रस्ते, झाडाखालचा मुक्काम, सगळं डोळ्यांनी पाहिलं.

तिथे त्यांना जे कळलं ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. मदत केंद्रात अन्न थोडंफार मिळत होतं. पण एकट्या पडलेल्या मुलीला अन्न मिळालं म्हणजे ती वाचली असं नव्हतं. आईबाप मेलेले, नातेवाईक पांगलेले, अशा मुलींना हेरणारी माणसं तिथेच फिरत होती. कोणी कामाच्या आमिषाने न्यायचं, कोणी सरळ विकायचं. म्हणजे भूक ही एक अडचण होती आणि भुकेमुळे आलेलं पोरकेपण ही दुसरी, जास्त लांब टिकणारी. घासभर अन्नाने पहिली अडचण एका दिवसापुरती सुटते. दुसरीला घर लागतं, शिक्षण लागतं, हाताला काम लागतं आणि वर्षानुवर्षं सोबत राहणारं कोणीतरी लागतं.

म्हणून रमाबाईंनी मुलींना आपल्याबरोबर आणायचं ठरवलं. काही महिन्यांत जवळजवळ तीनशे मुली आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ. इतक्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. इमारत नव्हतीच. तंबू आणि कच्च्या झोपड्या यांच्यात संसार मांडला. अंगावर फोड, डोक्यात उवा, पोटं आत गेलेली, कोणावर विश्वास नाही, समोर आलेलं अन्न लपवून ठेवायची सवय. सगळ्या काही जगल्या नाहीत. पण ज्या जगल्या त्यांच्यातून केडगावची 'मुक्ती' उभी राहिली.

आणि रमाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. प्लेगच्या व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. सरकारकडून मदत लागत असताना सरकारला नावं ठेवणं परवडत नाही असं आपण म्हणतो. त्यांनी ते केलं.

१९०० मध्ये गुजरात, राजपुतान्याकडे पुन्हा मोठा दुष्काळ. या वेळी मात्र एक फरक होता. मुली शोधून आणायला केडगावहून ज्या बायका गेल्या त्यांच्यात पूर्वी असंच वाचवलेल्या मुलीही होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना कोणीतरी उचलून आणलं होतं, त्या आता दुसऱ्यांना उचलून आणायला निघाल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढी माणसं म्हणजे आपल्या कॉलेजचे चारही वर्षांचे विद्यार्थी एकत्र केले तरी कदाचित कमी भरतील. रोज दोन वेळचं जेवण, पाणी, कपडे, आजारपण आणि वर शाळा. मेसमध्ये चारशे जणांचा स्वयंपाक कसा होतो ते आपण रोज भोगतोच, यावरून कल्पना करा.

हे चाललं कसं? तर काम वाटून. स्वयंपाक, दळण, शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, लहान मुलांचा वर्ग असे विभाग होते आणि ते चालवणाऱ्या तिथल्याच मुली. मोठीने धाकटीला सांभाळायचं, शिकलेलीने न शिकलेलीला शिकवायचं. छापखाना तर पूर्ण बायकांचा. खिळे जुळवण्यापासून छापून बांधणीपर्यंत सगळं त्या करायच्या. अंध मुलींसाठी वेगळी शाळा होती. मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली होती, ती त्यांना शिकवायची. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. म्हाताऱ्या, अपंग बायकांचीही सोय झाली. ज्याला जे जमेल ते काम, पण रिकामं कोणी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ही नुसती चॅरिटी नव्हती, सिस्टीम होती.

मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. हे लपवून रमाबाईंना मोठं करायची गरज नाही आणि हेच एक दाखवून त्यांना लहानही करता येत नाही. उपाशी मुलीला निवडीचं स्वातंत्र्य किती असतं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पण त्या मुलींसमोर दुसरी दारं किती उघडी होती, हे पाहिल्याशिवाय ते उत्तर देता येणार नाही, एवढं नक्की.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. मूळ ग्रंथावरून करायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपलं भाषांतर साध्या बाईला कळेल असं सोपं असावं, हा त्यांचा आग्रह. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. जी आपल्यामागे सगळं सांभाळणार, अशी एकुलती एक लेक चाळिसाव्या वर्षी गेली. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच रमाबाईंनी डोळे मिटले. पुढे १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला 'मेधावी' असं त्यांचं नाव आहे. आणि केडगावची संस्था आजही चालू आहे.

गेल्या महिन्यात घरी जाताना मी मुद्दाम हेडफोन काढून ठेवला आणि केडगाव आल्यावर दारात जाऊन उभी राहिले. दिसलं काय, तर नेहमीचंच स्टेशन, नेहमीचेच दुधाचे कॅन. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या परिसरात शेकडो मुली येऊन पोचल्या, ज्यांना आपण कुठे आलो हेही माहीत नव्हतं, हा विचार मनातून जाईना. आणि त्यांच्याबरोबर कोप्यावरची ती मुलगीही आठवली.

आपण इंजिनिअर होणार. पूल बांधताना आपण एक दिवस भार सहन झाला म्हणून खूश होत नाही, तो पन्नास वर्षं कसा टिकेल याचं गणित करतो. मग माणसांच्या बाबतीत एका दिवसाच्या बिस्किटांवर समाधान कसं मानतो? मी रमाबाई होणार नाही, तेवढी माझी कुवत नाही. पण ऊसतोडीचा हंगाम संपायला अजून वेळ आहे. आम्ही पाच जणांनी ठरवलंय की दर दुसऱ्या शनिवारी दुपारी त्या कोप्यांवर जायचं, दोन तास मुलांना वाचायला-लिहायला शिकवायचं. कोणतं मूल कोणत्या गावचं, कितवीतून शाळा सुटली, याची वही करायची, म्हणजे हंगाम संपून ती आपापल्या गावी गेली की तिथल्या शाळेला कळवता येईल. काम छोटं आहे, कदाचित अर्ध्यावर बंदही पडेल. पाचाचे दहा झालो तर पडणार नाही. येणाऱ्यांनी एन.एस.एस. च्या खोलीबाहेर लावलेल्या कागदावर नाव लिहावं.

त्या मुलीने पुन्हा विचारलं की ताई परत कधी येणार, तर या वेळी मला तारीख सांगायची आहे.